भाजीची सामुदायिक खरेदी: बचत नेमकी कुठून होते

काही कुटुंबांनी एकत्र यायचे, घाऊक बाजारातून किंवा थेट शेतकऱ्याकडून भाजी आणि फळे घ्यायची, ती आपल्याच हातांनी निवडायची, तोलायची, वाटायची आणि खर्च भागेल एवढ्याच भावाने घरी न्यायची, अशा व्यवस्थेला अन्न सहकार म्हणतात. परदेशांत तिला ‘फूड को-ऑप’ हे नाव रूढ आहे. काही ठिकाणी तिचे मोठे दुकान असते, तर काही ठिकाणी आठवड्यातून दोन तास उघडणारी शाळेची पडवी किंवा सोसायटीचा वाहनतळ एवढीच जागा असते. पगारी माणसे कुठे असतात, कुठे नसतात. मात्र कामाचा मोठा वाटा सभासद स्वतः उचलतात, हे तिचे मुख्य लक्षण आहे. भाजी स्वस्त पडते तीही याच कारणाने.

बचत कुठून होते हे समजण्यासाठी आधी भाजीचा भाव कशाचा बनलेला असतो ते पाहावे लागते. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील एका अभ्यासानुसार ग्राहकाने टोमॅटोसाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. कांद्यात हा वाटा ३६ पैसे, तर बटाट्यात ३७ पैसे आहे. उरलेले सगळे कोणाच्या तरी खिशात नफा म्हणून जाते, असा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही. त्यात गाडीभाडे, हमाली, तोलाई आणि अडत असते, गाळ्याचे किंवा दुकानाचे भाडे असते, विक्रेत्याच्या दिवसभराच्या कष्टांचा मोबदला असतो. शिवाय एक मोठा खर्च ग्राहकाला कधी दिसतच नाही. तो म्हणजे घट. मेथीची जुडी दुपारपर्यंत मान टाकते, क्रेटच्या तळाचे टोमॅटो दबून फुटतात, वांगी सुकून वजनाला कमी भरतात. सकाळी घेतलेल्या मालातला किती विकला जाईल हे विक्रेत्याला ठाऊक नसते. म्हणून न विकल्या जाणाऱ्या भाजीची किंमत तो विकल्या जाणाऱ्या भाजीवर आधीच चढवतो. तसे केले नाही तर त्याचा धंदा आठवडाभरही टिकणार नाही.

अन्न सहकारात यातल्या दोन गोष्टी ग्राहक स्वतःकडे घेतो. विक्रेत्याचे कष्ट तो आपल्या वेळातून करतो आणि माल पडून राहण्याची जोखीम आगाऊ मागणी नोंदवून जवळजवळ संपवतो. गाडीभाडे आणि हमाली मात्र चुकत नाहीत. एकगठ्ठा खरेदीमुळे भाव उतरतो, पण तो भाजीवाल्यालाही तेवढाच उतरून मिळतो. त्यामुळे ‘घाऊक घेतले म्हणून स्वस्त’ हे स्पष्टीकरण अपुरे आहे. घाऊक आणि किरकोळ भावांमधले काम कोण करतो, यावर बचत ठरते.

ग्राहक सहकाराचा इतिहास इंग्लंडमधल्या रॉचडेल गावापासून सांगितला जातो. तिथे विणकर आणि इतर कारागीर अशा २८ जणांनी २८ पौंडांच्या भांडवलावर २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेनवर दुकान उघडले. सुरुवातीला त्यात पीठ, ओटचे पीठ, साखर, लोणी आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. ही यादी बोलकी आहे, कारण तिच्यात भाजी नाही. भारतातही चेन्नईची ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी १९०४ मध्ये आणि मुंबईच्या नायगावातला अपना बाजार १९४८ मध्ये सुरू झाला, तेव्हा दोन्हींचा पाया किराणा हाच होता. तूरडाळीचे पोते महिनाभर राहिले तरी बिघडत नाही. मागणीचा अंदाज चुकला तर डाळ पुढच्या महिन्यात खपते. पालकाला ही सवलत नसते. म्हणून किराण्यासाठी घडवलेली पद्धत भाजीला तशीच्या तशी लागू होत नाही आणि भाजीच्या सहकाराला वेगळी शिस्त बसवावी लागते.

या शिस्तीचे सर्वांत साधे रूप म्हणजे आगाऊ मागणी आणि आगाऊ पैसे. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २००४ नंतर सरकारी मदतीने गावोगावी जे छोटे गट उभे राहिले, त्यांची रीत अशी होती: या आठवड्याची पिशवी घेताना पुढच्या आठवड्याच्या पिशवीचे पैसे द्यायचे. फळांची एक पिशवी आणि भाज्यांची एक, यापलीकडे फारशी निवड नसे. स्वयंसेवक मोजून तेवढाच माल मागवत, त्यामुळे संध्याकाळी काही उरत नसे. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सुरू होऊन शेजारच्या राज्यांत पसरलेल्या ‘बाउंटिफुल बास्केट्स’ या गटाचीही रीत अशीच होती. सभासद आठवड्याच्या सुरुवातीला ठरावीक रक्कम भरत. शनिवारी सकाळी ट्रक मैदानात येई, स्वयंसेवक टोपल्या ओळीने मांडत आणि निम्मी फळे, निम्म्या भाज्या असा वाटा घालत. टोपलीत काय येईल ते त्या आठवड्यातल्या आवकेवर अवलंबून असे.

निवडीचा हक्क सोडणे ही या पद्धतीतली पहिली किंमत. बाजारात जो माल भरपूर आला आहे, तोच त्या दिवशी स्वस्त असतो. ज्या कुटुंबाला दर आठवड्याला ठरलेल्याच पाच भाज्या लागतात, त्याला या व्यवस्थेतून फारसे काही मिळत नाही. फ्लॉवर स्वस्त असताना फ्लॉवर आणि दुधी स्वस्त असताना दुधी खाणाऱ्या घराचा मात्र खरा फायदा होतो.

पिशवी किंवा टोपलीच्या पलीकडे जाऊन रोज उघडे राहणारे दुकानही सभासदांच्या श्रमावर चालू शकते, याचे जगभर सांगितले जाणारे उदाहरण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आहे. युनियन स्ट्रीटवरचे ‘पार्क स्लोप फूड को-ऑप’ १९७३ मध्ये काही शेजाऱ्यांनी सुरू केले. पुढे त्याची सभासदसंख्या १५ हजारांच्या वर गेली. दुकानात फक्त सभासदांना खरेदी करता येते आणि सभासद व्हायचे तर काम करावेच लागते. अनेक वर्षे नियम असा होता की प्रत्येकाने दर चार आठवड्यांनी पावणेतीन तास राबायचे. करोनाच्या साथीनंतर हे अंतर सहा आठवड्यांचे झाले. डॉक्टर, शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसे अशी सगळी मंडळी ट्रक उतरवतात, चीज कापून बांधतात, सुकामेवा तोलून पिशव्या भरतात, गल्ल्यावर बसतात, फरशी पुसतात. नारिंगी जाकीट घातलेले सभासद ग्राहकाला त्याच्या मोटारीपर्यंत किंवा भुयारी रेल्वेच्या स्थानकापर्यंत सोडायला जातात आणि ढकलगाडी परत आणतात. मालखरेदी, हिशेब आणि देखरेख यांसाठी पगारी कर्मचारी आहेत, पण एकूण कामाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सभासदच करतात.

याचा परिणाम थेट भावफलकावर दिसतो. को-ऑप ज्या भावाने माल घेते, त्यावर दीर्घकाळ सुमारे २१ टक्के आणि अलीकडे सुमारे २५ टक्के वाढ लावून तो विकते. जवळजवळ सगळ्या मालाला ही एकच टक्केवारी असते. सुपरमार्केटचे गणित निराळे असते. दूध किंवा अंडी यांवर ते कमी वाढ ठेवून ग्राहकाला आत खेचते आणि नासणाऱ्या फळे-भाज्यांवर ती भरून काढते. साहजिकच सरसकट टक्केवारीचा सर्वाधिक फायदा ताज्या भाजीतच दिसतो. त्यातच हजारो घरांची खरेदी एकाच छोट्या दुकानातून होत असल्याने माल फळीवर टिकतच नाही. सकाळी आलेली कोथिंबीर संध्याकाळपर्यंत संपते, घट कमी होते आणि घट कमी झाली की २५ टक्क्यांत भागते. ताजेपणा आणि स्वस्ताई या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण भाजीच्या धंद्यात दोन्हींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे मालाचा वेगाने उठाव.

या दुकानाचे नियम कडक आहेत आणि त्यांवरून वादही खूप झाले आहेत. एका घरातल्या सर्व प्रौढांनी सभासद झाले पाहिजे असा नियम आहे, म्हणजे एकाने काम करायचे आणि चौघांनी स्वस्त भाजी खायची, ही पळवाट बंद होते. कामाला दांडी मारली की एकाऐवजी दोन वेळा येऊन ती भरून देण्याचा दंडकही दीर्घकाळ होता. वरवर हे जाचक वाटते. पण स्वयंसेवेवर चाललेल्या असंख्य संस्था नेमक्या याच ठिकाणी मोडल्या आहेत. दहा जणांच्या गटात तिघे मरमर राबतात, सात जण पिशवी घेऊन जातात, सहा महिन्यांत ते तिघे थकतात आणि गट बंद पडतो. श्रम ऐच्छिक ठेवला तर तो थोड्यांच्याच गळ्यात पडतो, हे ओळखून पार्क स्लोपने तो सर्वांवर सारखा बंधनकारक केला. पन्नास वर्षे टिकण्यामागे हा निर्णय आहे. पॅरिसच्या १८व्या विभागात २०१६ मध्ये उघडलेले ‘ला लूव्ह’ हे दुकान याच नमुन्यावर उभे आहे. तिथे दर चार आठवड्यांनी तीन तास काम करावे लागते.

जपानने वेगळी वाट काढली. टोकियोच्या सेतागाया भागात १९६५ मध्ये सुमारे २०० गृहिणींनी एकत्र येऊन ३०० बाटल्या दूध घ्यायला सुरुवात केली. त्यातून ‘सेइकात्सु क्लब’ हा मोठा ग्राहक सहकार वाढला आणि १९८९ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. त्याचा मूळ घटक दुकान नसून ‘हान’ हा शेजाऱ्यांचा छोटा गट. माल हानपर्यंत येतो आणि शेजारणी तो आपापसांत वाटतात. दुकानाचे भाडेच नसते. १९७०च्या दशकात तिथे ‘तेइकेइ’ ही पद्धतही रुजली. तिच्यात ग्राहकांचा गट आणि शेतकरी यांचा थेट करार असतो आणि शेतात पिकेल ते सगळे घेण्याची हमी गट देतो. यात ग्राहक दुकानातली जोखीम तर उचलतोच, शिवाय शेतातल्या जोखमीचाही काही भाग उचलतो. इथे स्वस्ताई हा पहिला हेतू राहत नाही. विषमुक्त भाजी आणि शेतकऱ्याला स्थिर भाव यांसाठी लोक थोडे जास्तही मोजतात. स्वस्त भाजीसाठी सुरू झालेल्या गटाने हा फरक आधीच ओळखलेला बरा, नाहीतर दोन्ही हेतूंचे सभासद एकमेकांवर नाराज होतात.

महाराष्ट्रात या कल्पनेशी सर्वांत जवळचे काम ग्राहक पंचायतीने केले. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्राहक चळवळीतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिच्या वितरण व्यवस्थेत शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ बनतो, महिन्याची मागणी एकत्र नोंदवली जाते, माल एका घरी उतरतो आणि सभासद तो वाटून घेतात. सेइकात्सु क्लबच्या हानशी तिचे साम्य कोणालाही जाणवेल. ही व्यवस्था हजारो मध्यमवर्गीय घरांत दशकानुदशके चालली, पण ती प्रामुख्याने धान्य, डाळी, तेल अशा टिकाऊ मालाची. ताज्या भाजीसाठी रोजचा लिलाव, पहाटेची गाडी आणि त्याच दिवशी वाटप हे सगळे जमवावे लागते, आणि जुलै २०१६ पर्यंत कायद्याचाही अडसर होता. त्या वर्षी राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून काढला. शेतकऱ्याला आवाराबाहेर, थेट ग्राहकांच्या गटाला माल विकण्याची मोकळीक मिळाली. पणन मंडळाच्या प्रोत्साहनाने शहरांत भरणारे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजारही याच काळातले. सोसायट्यांमध्ये शेतकरी गटांचे टेम्पोही येऊ लागले.

असा गट आकाराने किती मोठा हवा, हे एका कल्पित हिशेबावरून दिसेल. समजा, ४० कुटुंबे आहेत आणि प्रत्येक घराला आठवड्याला घाऊक भावाने २०० रुपयांची भाजी लागते. माल झाला ८,००० रुपयांचा. टेम्पोचे भाडे १,२०० रुपये, हमाली आणि किरकोळ खर्च ४०० रुपये, घटीसाठी राखून ठेवलेले ४०० रुपये. एकूण १०,००० रुपये, म्हणजे घरटी २५० रुपये. हीच भाजी हातगाडीवर ३५० रुपयांना पडत असेल तर आठवड्याला १०० रुपये वाचले. पाच जणांनी तीन तास काम करायचे ठरले तर प्रत्येक घराची वेळ आठ आठवड्यांनी येते. म्हणजे तीन तासांच्या कामाबद्दल ८०० रुपये.

आता कुटुंबे २० धरावीत. माल ४,००० रुपयांचा, हमाली आणि घट प्रत्येकी २०० रुपये, पण टेम्पो तेच १,२०० रुपये घेतो. एकूण ५,६०० रुपये, घरटी २८० रुपये, बचत ७० रुपये. दर वेळी चौघे लागले तर वेळ पाच आठवड्यांनी येते आणि तीन तासांचे ३५० रुपये होतात. कुटुंबे १० वर आली की हिशेब ३,४०० रुपयांवर थांबतो, म्हणजे घरटी ३४० रुपये. बचत आठवड्याला १० रुपये. एवढ्यासाठी कोणी पहाटे उठणार नाही. भाजी तीच, भाव तोच, फक्त गाडीभाडे कमी घरांत विभागले गेले. लहान गटांनी म्हणूनच शेजारच्या सोसायटीबरोबर गाडी वाटून घ्यावी लागते.

या हिशेबात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. न्यूयॉर्क किंवा पॅरिसमध्ये मजुरी महाग आहे, त्यामुळे सभासदाचा प्रत्येक तास दुकानाचा मोठा खर्च वाचवतो. महाराष्ट्रातल्या शहरांत हातगाडीवाला किंवा मंडईतली भाजीवाली पहाटे चारला उठून रात्री नऊपर्यंत उभी राहते आणि त्या सतरा तासांची फार थोडी कमाई पदरात पाडून घेते. तिचे कष्ट आपण केल्याने वाचणारी रक्कम मर्यादितच असते. वर ती उधारी देते, भाजी दारात आणते, कोथिंबिरीच्या दोन काड्या आणि चार मिरच्या पिशवीत टाकते. त्यामुळे इथल्या गटाची खरी कमाई अडत, एक-दोन हातबदल आणि घट टाळण्यात असते. शेतकऱ्याकडून थेट माल घेतला तरच ती भरीव होते. घाऊक बाजारातून आणलेल्या मालावर फरक पडतो, पण तो सुपरमार्केटच्या तुलनेत जास्त आणि हातगाडीच्या तुलनेत कमी असतो.

कामाच्या बारकाव्यांवर गट तगतो किंवा मोडतो. घाऊक बाजाराची मापे घराची नसतात. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव २० किलोच्या क्रेटवर ठरतो, कांदा गोणीने येतो, कोथिंबीर आणि मेथी शेकड्याच्या हिशेबाने. गटाची मागणी या मापांत बसेल अशी जुळवावी लागते. साडेतीन क्रेट मागवता येत नाहीत. वाटताना जड माल आधी, नाजूक माल शेवटी हा क्रम पाळतात: तळाशी कांदे-बटाटे, मग वांगी, काकडी, त्यावर टोमॅटो, सर्वांत वर पालेभाजी. कोबीचे गड्डे किंवा भोपळे सारख्या आकाराचे नसतात, म्हणून वाटे चिठ्ठ्यांनी किंवा रांगेच्या क्रमाने उचलण्याची पद्धत घालतात. कोणी आधी येऊन चांगले निवडून नेले, ही तक्रार एकदा सुरू झाली की विश्वास उडतो आणि पैशांच्या हिशेबाआधी गटाचा पाया ढासळतो. हिशेबही उघडा हवा. बाजारातली पावती, गाडीभाडे, सडलेल्या मालाचे वजन आणि उरलेली रक्कम दर आठवड्याला सर्वांना दिसली पाहिजे. गट वाढल्यावर संस्थेची नोंदणी करायची असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान १० व्यक्ती लागतात.

वाचवलेले पैसे घरातही वाया जाऊ शकतात. आठवड्याची भाजी एकदम आली आणि तिच्यातला पाव भाग कुजला, तर २५० रुपयांत १९० रुपयांपेक्षा कमीची भाजी पोटात गेली. पिकलेली केळी आणि टोमॅटो इथिलीन वायू सोडतात आणि त्याने जवळची पालेभाजी लवकर पिवळी पडते, म्हणून ती वेगळी ठेवतात. पालेभाजी निवडून, कोरडी करून कापडात गुंडाळली की जास्त टिकते. बटाटे अंधारात ठेवावे लागतात, कारण उजेडात ते हिरवे पडतात आणि त्यांत सोलॅनिन हे अपायकारक द्रव्य वाढते. कांदा आणि बटाटा एकाच टोपलीत ठेवला तर दोन्ही लवकर बिघडतात. खाण्याचाही क्रम लागतो: पहिले दोन दिवस पालेभाज्या, मग भेंडी, गवार, वांगी, आठवड्याच्या शेवटी कोबी, दुधी, गाजर.

या व्यवस्थेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेळेचा आहे. ज्या घराला पैशांची सर्वाधिक गरज असते, त्याच घरात मोकळा वेळ सर्वांत कमी असतो. दोन ठिकाणी धुणीभांडी करणारी बाई शनिवारी सकाळी तीन तास देऊ शकत नाही आणि आठवड्याचे पैसे आगाऊ भरणेही रोजंदारीवर जगणाऱ्याला जमत नाही. त्यामुळे असे गट बहुतेक ठिकाणी मध्यमवर्गाचेच होऊन बसतात. कामाची वेळ संध्याकाळी ठेवणे, पैसे दोन हप्त्यांत घेणे, वृद्ध आणि आजारी सभासदांना श्रमातून सूट देणे हे उपाय करता येतात. जो गट ते करत नाही, त्याने स्वतःला सर्वांसाठी असलेली व्यवस्था म्हणू नये.

नव्या गटाने पहिल्याच आठवड्यात मेथी-पालक मागवू नये. आधी कांदा, बटाटा, लसूण दर पंधरा दिवसांनी आणावा. हा माल लवकर नासत नाही आणि सुरुवातीला सभासदाच्या स्वतःच्या गाडीतूनही आणता येतो. दोन-तीन महिन्यांत कोण वेळेवर येतो, कोण पैसे थकवतो आणि घट किती निघते, याचा अंदाज येतो. मग टोमॅटो, कोबी, गाजर घ्यावेत. पालेभाजी सर्वांत शेवटी, आणि तीही टेम्पो आल्यापासून दोन तासांत सगळ्या पिशव्या उचलल्या जातात याची खात्री पटल्यावरच घ्यावी.